एकदाच उघडता येणारा पुरावा : जुनी व्हिंटेज पोर्ट आणि संशोधकाचे प्रश्न

समजा तुमच्याकडे एकच नमुना आहे. त्याच्यासारखा दुसरा मिळण्याची शक्यता जवळजवळ नाही. तपासायचा म्हटला तर तो संपतो. नाही तपासला, तर त्यात काय आहे ते कधीच कळत नाही. अशा वेळी काय कराल?

पीएचडीच्या मुलाखतीत हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच. पुरातत्त्ववाल्यांना तो हाडाच्या तुकड्याबद्दल विचारतात, भूशास्त्रवाल्यांना उल्केबद्दल, इतिहासवाल्यांना हात लावताच चुरा होणाऱ्या कागदाबद्दल. आज आपण याचंच एक जरा वेगळं उदाहरण घेऊ : पन्नास, शंभर, कधी दोनशे वर्षं जुनी व्हिंटेज पोर्ट. जगात ती जमवणारे लोक आहेत, लिलावात घेणारे आहेत आणि एक दिवस बूच काढून पिऊन टाकणारेही आहेत.

मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी. नदीच्या गाळातलं शिसं मोजणं हे माझं रोजचं काम. शिशाच्या विषबाधेचे जुने संदर्भ चाळताना पोर्ट पुन्हा पुन्हा समोर येते, म्हणून हा विषय. पिण्याची शिफारस म्हणून नाही, पुरावा कसा टिकतो आणि कसा फसवतो हे बघण्यासाठी वाचा.

आधी व्याख्या : पोर्ट म्हणजे नेमकं काय?

गोव्यात 'पोर्ट वाईन' म्हणून जी गोड लाल वाईन मिळते, ती इथे बाजूला ठेवू. मूळ पोर्ट उत्तर पोर्तुगालमधल्या डोरू नदीच्या खोऱ्यातली. खडकाळ डोंगरउतारावर पायऱ्या-पायऱ्यांची शेती, त्यावर द्राक्षवेली.

द्राक्षाचा रस आंबायला लागला की यीस्ट साखरेचं अल्कोहोल करत जातं. पोर्टमध्ये ही क्रिया दोन-तीन दिवसांत, साधारण निम्मी साखर शिल्लक असतानाच थांबवतात. कशी? त्यात सुमारे ७७ टक्के अल्कोहोल असलेला द्राक्षाचाच मद्यार्क ओततात. ४३५ लिटर रसाला ११५ लिटर मद्यार्क, मिळून ५५० लिटरचं एक पिंप, हे जुनं परिचित प्रमाण. इतक्या अल्कोहोलमध्ये यीस्ट तग धरत नाही. म्हणून पोर्ट गोडही असते आणि कडकही, साधारण २० टक्क्यांची.

आता 'व्हिंटेज' म्हणजे काय, ते बघू. एकाच वर्षाच्या पिकाची, चांगली जमलेली वाईन साधारण दोन वर्षं लाकडात ठेवून बाटलीत भरतात. पुढचं सगळं वय बाटलीत वाढतं. हे दरवर्षी होत नाही, दहा वर्षांत सरासरी तीनेक वेळा कंपन्या 'व्हिंटेज' जाहीर करतात. याउलट टॉनी प्रकारची पोर्ट वर्षानुवर्षं पिंपातच मुरते. हा फरक लक्षात ठेवा. पिंपात हवा जाते, वाईन उडते, वरून भर घालता येते. बंद बाटलीत भर घालता येत नाही. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर पिंप ही चालू नोंदवही आहे आणि बाटली हा सीलबंद लिफाफा. लिफाफ्याला किंमत येते ती याचमुळे.

बाटली आडवी झाली, तेव्हा वय सुरू झालं

आपल्याला वाटतं, वाईन पूर्वीपासून अशीच वर्षानुवर्षं साठवत असतील. तसं नव्हतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रजी बाटल्या बुटक्या, कांद्यासारख्या फुगीर होत्या. त्या आडव्या रचता येत नसत. बाटली उभी राहिली की बूच वाळतं, आकसतं, हवा आत जाते आणि वाईन बिघडते. शतकाच्या उत्तरार्धात बाटल्या हळूहळू सरळ, नळकांड्यासारख्या झाल्या. आडवी ठेवली की बूच ओलं राहतं, म्हणजे हवा फारच थोडी आत जाते. १७७५ सालच्या पोर्टला अनेकदा पहिली खरी व्हिंटेज पोर्ट म्हणतात, ती याच काळातली.

म्हणजे 'जुनी पोर्ट' ही गोष्ट शक्य झाली ती द्राक्षामुळे जेवढी, तेवढीच काचेच्या आकारामुळे. तुमच्या विषयातला पुरावा एका ठरावीक सालापासूनच का मिळायला लागतो, हे विचारून बघा. बऱ्याचदा उत्तर घटनेत नसतं, साठवणुकीच्या साधनात असतं.

नाव तेच, वस्तू वेगळी

१७०३ च्या मेथ्युएन करारानं पोर्तुगीज वाईनवरचा इंग्लंडमधला कर फ्रेंच वाईनच्या दोन-तृतीयांशाच्या वर जाणार नाही असं ठरलं. मागणी वाढली, आणि मागणीबरोबर भेसळही. रंग गडद दिसावा म्हणून एल्डरबेरीचा रस घालत. १७५६ मध्ये पोर्तुगालचे मंत्री, पुढे मार्किस ऑफ पोंबाल म्हणून ओळखले गेलेले, यांनी एक मक्तेदार कंपनी काढली, डोरूच्या पट्ट्याची हद्द दगड रोवून आखायला लावली आणि एल्डरबेरीची झाडं उपटून टाकण्याचा हुकूम दिला. मक्तेदारीला विरोध म्हणून पोर्तो शहरात १७५७ मध्ये दंगल झाली आणि ती कठोरपणे मोडून काढण्यात आली.

पण त्या काळची पोर्ट आजच्यासारखी होती का? बऱ्याच अंशी नाही. सुरुवातीला मद्यार्क थोडाच घालत, तोही वाईन समुद्रप्रवासात टिकावी म्हणून. आंबण्याची क्रिया अर्धवट थांबवून गोडवा राखायची पद्धत एकोणिसाव्या शतकात रुळली. १८२० चं पीक नैसर्गिकरीत्याच फार गोड आणि दमदार निघालं. गिऱ्हाइकांना पुढे दरवर्षी तशीच चव हवीशी झाली, असं पोर्टच्या इतिहासात सांगतात. जोसेफ जेम्स फॉरेस्टर हा पोर्तोमधला इंग्रज व्यापारी. डोरूचे नकाशे बनवणारा हा माणूस. त्यानं १८४४ मध्ये पुस्तिका काढून या मद्यार्काच्या भरीवर आणि भेसळीवर जोरदार टीका केली. १८६१ मध्ये डोरूच्या खळाळात नाव उलटून तो बुडाला. वादात तो हरला होता, आणि ज्याला तो बिघाड म्हणत होता तीच आज परंपरा आहे.

आता एखाद्यानं १७९० ची आणि १८९० ची 'पोर्ट' शेजारी ठेवून तुलना केली, तर तो एकाच वस्तूची दोन वयं बघतोय की दोन वेगळ्या वस्तू? दोन काळांची आकडेवारी एका तक्त्यात भरण्याआधी रकान्याच्या नावाचा अर्थ मध्येच बदललाय का, हे तपासावंच लागतं.

फिलॉक्सेरानं आणखी एक रेघ ओढली. मुळं खाणारी ही कीड १८६० च्या दशकात डोरूत पोचली आणि मळे उजाड झाले. उपाय निघाला अमेरिकी खुंटावर कलम करण्याचा. आपल्या नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला खुंट म्हणजे काय ते सांगायला नको. तो डॉगरिज वापरतो, पण पाण्याचा ताण आणि क्षार यांसाठी. डोरूत कारण कीड हे होतं. किडीच्या आधीची पोर्ट म्हणून जुन्या बाटल्यांना वेगळा मान आहे. आणि किंता दो नोव्हाल या मळ्यातला 'नासिओनाल' हा छोटा तुकडा आजही विनाकलमी वेलींचा आहे म्हणून त्याची एवढी चर्चा. पण फरक मुळाचा की मातीचा, हे एका तुकड्यावरून ठरत नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

जमवणारे काय बघतात?

चांगला संग्राहक आधी वाईन बघत नाही, बाटलीचा प्रवास बघतो. जुन्या पोर्टवर पुष्कळदा कागदी लेबल नसतंच, असलं तरी ओलसर तळघरात ते कुजतं. मग उरतात तीन-चार खुणा. तोंडावरची लाख आणि तिच्यावरचा छाप. बुचावर डागलेलं नाव आणि साल, जे बूच काढल्यावरच नीट दिसतं. मानेपर्यंत वाईन किती भरली आहे ती पातळी. आणि बाटलीच्या अंगावर पांढऱ्या चुन्याचा एक फटकारा.

हा फटकारा मला फार आवडतो. व्हिंटेज पोर्ट न गाळता भरतात, त्यामुळे आडव्या बाटलीच्या खालच्या बाजूला साका बसतो आणि काचेला धरतो. बाटली हलवली तर परत ठेवताना कोणती बाजू वर? म्हणून वरच्या बाजूला चुना. नमुना कोणत्या दिशेनं ठेवला होता, याची ही नोंद आहे. गाळाचा नळीत घेतलेला नमुना प्रयोगशाळेत आणताना आम्हीही नळीवर वरच्या टोकाची खूण करतो, ती चुकली तर काळ उलटा वाचला जातो.

दुसरी गोष्ट : १९७० च्या दशकापर्यंत बरीच व्हिंटेज पोर्ट पिंपातून इंग्लंडला जायची आणि लंडन, ब्रिस्टल अशा ठिकाणचे व्यापारी ती आपापल्या तळघरात बाटल्यांत भरायचे. म्हणजे 'कॉकबर्न १९१२' म्हटलं तरी भरणारा कोण, बूच कसलं, भरली कधी, हे वेगवेगळं असू शकतं. पुढे पोर्तुगालमध्येच भरण्याची सक्ती आली. वाईनच्या धंद्यात म्हणतातच, की जुनी वाईन चांगली असं काही नसतं, ती विशिष्ट बाटली चांगली असते.

आणि तिसरी गोष्ट, जी संग्राहकही कधी कधी विसरतात. १९२७ चं पीक उत्तम होतं, भरपूर कंपन्यांनी जाहीर केलं, आणि माल बाजारात मुरतोय तोवर १९२९ ची मंदी आली. १९३१ चं पीकही दर्जेदार होतं, पण घेणार कोण? बहुतेकांनी जाहीरच केलं नाही. नोव्हालनं केलं, आणि आज १९३१ ची नोव्हाल ही दंतकथा झालीय. त्या वर्षीची इतरांची वाईन मिश्रणात गेली आणि तिची ओळखच पुसली गेली. काय टिकलं हे निसर्गानं ठरवलं नाही, बाजारानं ठरवलं. आपल्या हाती आलेला नमुना हा सगळ्या लोकसंख्येचा प्रतिनिधी असतोच असं नाही. संख्याशास्त्राच्या पेपरात याला वाचलेल्यांचा पक्षपात म्हणतात. पोर्टच्या तळघरात तो डोळ्यांनी दिसतो.

चव : प्रयोगाची रचना कुठे अडते

चाळीस-पन्नास वर्षांनी बूच कुजकट होतं, स्क्रूनं ओढलं की चुरा होऊन वाईनमध्ये पडतं. म्हणून जुन्या लोकांनी युक्ती काढली. खास सांडशी लालबुंद तापवायची, बुचाखालच्या मानेवर धरायची, मग तिथे ओलं फडकं लावायचं. उष्ण-गार धक्क्यानं काच गोल तडकते आणि मान बुचासकट अलग होते. मग साका हलू न देता, पलीकडे दिवा धरून, हळूहळू दुसऱ्या भांड्यात ओतायची.

रंग बघितला तर ताज्या व्हिंटेजचा जवळजवळ शाईसारखा जांभळा, आणि जुन्याचा फिकट, विटकरीकडे झुकलेला. अँथोसायनिन ही द्राक्षाच्या सालीतली रंगद्रव्यं टॅनिनशी आणि इतर रेणूंशी जोडली जातात, मोठी होतात, काही साक्यात बसतात. मद्यार्काबरोबर आलेलं अ‍ॅसिटाल्डिहाइड या जोडणीला मदत करतं. पोर्तो विद्यापीठातल्या संशोधकांनी तर पोर्टमधून निळसर छटेची एक नवीन रंगद्रव्यांची जात शोधून काढली आणि तिला 'पोर्टिसिन' नाव दिलं.

आता रचनेकडे या. जाणकार दोन पद्धतीनं चाखतात. आडवी पद्धत म्हणजे एकाच वर्षाची, वेगवेगळ्या कंपन्यांची. उभी पद्धत म्हणजे एकाच कंपनीची, वेगवेगळ्या वर्षांची. उभी पद्धत ऐकायला काळाच्या आलेखासारखी वाटते. पण १९५५ ची, १९७० ची आणि १९८५ ची ओळीनं चाखून 'वयानुसार पोर्ट अशी बदलते' असं म्हणता येईल का? नाही. प्रत्येक बाटलीत वयही वेगळं आणि जन्मवर्षही वेगळं. त्या वर्षीचा पाऊस, करणारे हात, भरण्याची पद्धत, सगळं वेगळं. वयाचा परिणाम आणि सालाचा परिणाम एकमेकांत अडकलेत, एका बैठकीत ते सुटत नाहीत. लोकसंख्याशास्त्रात शिकणाऱ्यांना हा वय-काळ-पिढीचा गुंता ओळखीचा असेल.

सोडवायचा असेल तर एकाच सालची, एकाच ठिकाणी ठेवलेली पेटी घ्यायची आणि दर पाच-दहा वर्षांनी एक बाटली उघडून नोंद करायची. मायकल ब्रॉडबेंट यांनी १९५० च्या दशकापासून वह्यांमध्ये चाखण्याच्या नोंदी ठेवल्या, १९६६ पासून ते क्रिस्टीज या लिलावसंस्थेचा वाईन विभाग सांभाळत होते. अशा वह्यांचं मोल हे, की त्यात एकाच वाईनच्या वेगवेगळ्या वर्षांच्या नोंदी तारखेसह सापडतात. मर्यादाही तिथेच : प्रत्येक वेळी बाटली दुसरी, आणि चाखणाराही तोवर वयानं वाढलेला. उपकरण स्वतःच बदलत असेल तर कॅलिब्रेशन कशावर करणार?

जिभेला न कळलेली गोष्ट

आता माझ्या विषयावर येतो. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या सुखवस्तू घरांत गाऊटचा त्रास फार होता. अंगठा सुजून लाल होतो, पांघरूण लागलेलंही सहन होत नाही. कारण यूरिक आम्ल साचणं. शिशानं मूत्रपिंड बिघडलं की यूरिक आम्ल बाहेर पडत नाही, म्हणजे शिसं हेही गाऊटचं एक कारण होऊ शकतं. १७६७ मध्ये जॉर्ज बेकर या डॉक्टरनं डेव्हनमधल्या पोटशुळाचा संबंध सफरचंदाच्या सायडरमधल्या शिशाशी जोडला होता. १८५९ मध्ये आल्फ्रेड गॅरॉड यांनी लिहिलं, की त्यांच्या रुग्णालयातल्या गाऊटच्या रुग्णांपैकी निदान चौथा हिस्सा कधीतरी शिशाच्या विषबाधेनं आजारी पडलेला होता. नळकाम करणारे, रंगारी असे ते लोक.

मग श्रीमंतांना शिसं कुठून मिळालं? १९७१ मध्ये जीन बॉल यांनी वैद्यक-इतिहासाच्या एका लेखात पोर्टकडे बोट दाखवलं. त्यांच्या नावानं दिले जाणारे आकडे असे : १७७० ते १८२० दरम्यानच्या कॅनरी आणि पोर्ट वाईनमध्ये लिटरमागे ३२० ते १९०० मायक्रोग्रॅम शिसं. तुलनेसाठी, जागतिक आरोग्य संघटनेचं पिण्याच्या पाण्याचं मार्गदर्शक मूल्य आहे १० मायक्रोग्रॅम. दोनशे वर्षं लोक ही वाईन कौतुकानं चाखत होते आणि त्यात शिसं आहे हे कोणाच्याही जिभेला कळलं नाही. ते कळायला बाटली प्रयोगशाळेतच उघडावी लागली.

इथे थांबायचं नाही. आता या निष्कर्षावर हल्ला करा, परीक्षक करतील तसा. पहिला प्रश्न : हे शिसं वाईन बनवताना आलं की नंतर? मद्यार्क गाळण्याच्या भट्टीत शिशाचे भाग असतील तर आधीच आलं. पण दीडशे-दोनशे वर्षं ती वाईन काचेत होती, बुचाजवळ काय होतं तेही बघावं लागेल. हा प्रश्न काल्पनिक नाही. १९९१ मध्ये ग्राझियानो आणि ब्लम यांनी 'लॅन्सेट'मध्ये दाखवलं, की लिटरमागे ८९ मायक्रोग्रॅम शिसं असलेली पोर्ट शिशाच्या स्फटिककाचेच्या सुरईत ठेवली तर चार महिन्यांत आकडा हजारोंच्या घरात जातो. म्हणजे भांडंही नमुना दूषित करतं. आणि गंमत बघा, सुखवस्तू घरांत पोर्ट अशाच सुरयांतून ओतली जायची. त्यामुळे बाटलीतलं शिसं आणि माणसाच्या पोटात गेलेलं शिसं, हे दोन वेगळे आकडे झाले.

दुसरा प्रश्न : ही माणसं मांसही भरपूर खात, दारूही भरपूर पीत. अल्कोहोल स्वतःच यूरिक आम्ल वाढवतं. मग शिशाचा वाटा वेगळा कसा काढणार? तिसरा : ज्या मोजक्या बाटल्या आजपर्यंत टिकल्या, त्या रोज पिल्या गेलेल्या लाखो बाटल्यांचं प्रतिनिधित्व करतात का?

बॉल यांचा तर्क यानं खोटा ठरत नाही. 'शिसं होतं' हे भक्कम आहे, 'शिशामुळेच साथ आली' हे शक्य आहे पण तेवढं भक्कम नाही. प्रबंधात या दोन वाक्यांमधलं अंतर जपता येणं, हेच तुमचं अर्धं काम आहे.

न उघडता काही कळतं का?

थोडं कळतं. १९४५ पासून अणुस्फोटांमुळे सिझियम-१३७ वातावरणात पसरलं आणि द्राक्षांवरही बसलं. त्याचे गॅमा किरण काचेतून बाहेर येतात. फ्रान्समधले भौतिकशास्त्रज्ञ फिलिप ह्यूबेर यांनी बंद बाटलीतलं सिझियम मोजून वाईनचा काळ तपासण्याची पद्धत विकसित केली. बनावट जुन्या बाटल्या पकडायला ती उपयोगी पडते.

पण तर्क नीट बघा. '१९०० ची' म्हणून दिलेल्या बाटलीत सिझियम सापडलं, तर दावा कोसळला. सापडलं नाही, तर दावा सिद्ध झाला का? नाही. ती १९०० ची असेल, १९४० ची असेल, किंवा सिझियम मोजता न येण्याइतकं कमी असेल. शिवाय अर्धायुष्य सुमारे तीस वर्षांचं, म्हणजे दर पिढीला हे साधन बोथट होत जाणार. खोडून काढू शकणारी पण शिक्कामोर्तब करू न शकणारी चाचणी म्हणजे काय, हे मुलाखतीत विचारलं तर हे उदाहरण द्या.

तुमच्या आराखड्यासाठी

पूर्वी इंग्लंडमध्ये सधन घरांत मूल जन्मलं की त्याच्या जन्मवर्षाची एक पिंपभर पोर्ट, म्हणजे सातशेच्या आसपास बाटल्या, त्याच्यासाठी ठेवून देत. ठेवणाऱ्यातले काही ती उघडताना बघायला नसायचे. म्हणून तर चुन्याचा फटकारा, लाखेवरचा छाप, तळघराची वही. ज्याला माहिती नाही अशा पुढच्या माणसाला कळावं यासाठी.

तुमच्या नमुन्याबद्दल एवढंच लिहून काढा, आराखडा जमा करायच्या आधी :

१. तो माझ्यापर्यंत कोणाच्या हातून आला, आणि मधली कोणती कडी कागदावर नाही?
२. त्याच्यासारखे बाकीचे का टिकले नाहीत?
३. भांड्यातून, साठवणुकीतून त्यात काय शिरलं असेल, आणि ते वेगळं कसं काढणार?
४. न तोडता किती कळू शकतं? ते आधी केलं का?
५. तोडलाच, तर एका वेळी किती वेगवेगळी मोजमापं काढता येतील आणि थोडा भाग पुढच्यासाठी ठेवता येईल का?

पाचवा प्रश्न बहुतेक जण गाळतात. पण वीस वर्षांनी तुमच्यापेक्षा चांगलं उपकरण घेऊन कोणीतरी येणार आहे. त्याच्यासाठी थोडं शिल्लक ठेवा, आणि वर चुन्याची खूण करायला विसरू नका.